डावा कौल

“मावशे, माका हयसून काढ गो. आयेक सांगू नको, ती मरात. पण माका काढ.”

सुलभा फोनवर एवढंच बोलली. मी म्हटलं, “थोडा सोस. सगळ्यांकच सोसूचा लागता.” आणि फोन ठेवला. तिने नाही — मी ठेवला. मग आत जाऊन भाताची पेज काढली. त्या फोननंतर ती आणखी दीड वर्ष तिथेच होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो गेला. बहिणीला नाही, ती समोरच राहते. माझं वय बहात्तर, शाळा चौथीपर्यंत. जमेल तसं लिहिते.

सुलभा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, इंदिरेची थोरली मुलगी. आम्हा दोघींची लग्नं मालवणच्या किनाऱ्यावर एकाच गावात झाली. मी सावंतवाडीला एका मोठ्या घरी स्वयंपाकाला होते. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी. त्या घरचा मुलगा परदेशात आपल्या वकिलातीत मोठा साहेब. त्याच्या आईला आम्ही बाईसाहेब म्हणायचो. साहेबाला तिकडे कामाला मुलगी हवी होती — माशाची आमटी करणारी, दोन पोरं सांभाळणारी. सुलभा तेव्हा बावीस वर्षांची.

कागद दोन होते. एक तिकडच्या सरकारला दाखवायचा. त्यात आठ तास काम, रविवारी सुट्टी. दुसरा घरातल्या घरात सही करायचा. त्यात तासही नाहीत, सुट्टीही नाही. पहिला नुसता दाखवायला, हे बाईसाहेबांनी माझ्यासमोर हसत सांगितलं. व्हिसाच्या मुलाखतीत काय बोलायचं ते सुलभाकडून पाठ कोणी करून घेतलं? मी. पाढे म्हणून घ्यावेत तसं.

तिथे ती कपडे धुवायच्या मशीनच्या खोलीत झोपली. पासपोर्ट साहेबाच्या कपाटात. दाराबाहेर जायचं ते फक्त कचरा टाकायला. मला फोन केला तोही कचऱ्याच्या डब्यापाशी उभी राहून, शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या एका फिलिपिनो बाईच्या मोबाइलवरून. मलाच का? कारण तिला वाटलं, मावशी बाईसाहेबांशी बोलेल. मी बोलले नाही.

पंधरा ऑगस्टला साहेब झेंडा लावायचा आणि आपल्या संस्कृतीवर भाषण द्यायचा. भाषणानंतर पाहुणे ज्या करंज्या खायचे, त्या सुलभाने आदल्या दिवशी उभ्याने तळलेल्या. एका वर्षी करंज्या करपल्या, तर साहेबाच्या बायकोने तिच्या हाताला गरम इस्त्री लावली. आणि पोलीस? तिकडच्या पोलिसांना म्हणे साहेबाला हात लावता येत नाही, कायदाच तसा आहे. देशाची अब्रू राखायला केलेला कायदा. कुणाची अब्रू राखली त्याने? पोरीची राखली? माझ्या गावात कुणी गुराला डागलं तरी लोक चार शब्द सुनावतात. शेवटी त्या फिलिपिनो बाईनेच तिला तिथून काढलं, तिच्याच ओळखीच्या लोकांनी विमानात बसवलं. साहेबाची दुसऱ्या देशात बदली झाली — वरच्या जागेवर.

पण साहेबावर तोंडसुख घेणं सोपं आहे. मी माझं सांगायला बसले आहे.

पाठवण्याआधी इंदिरा अडून बसली होती. देवीचा कौल मिळाल्याशिवाय पोर घराबाहेर पडणार नाही. आमच्याकडे देवीच्या अंगावर ओल्या कळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नेमका तेव्हाच इंदिरेचा दीर वारला. तिच्या घरी सुतक, देवळात जायची सोय नाही, आणि कागद तर थांबणार नव्हते. मला सुतक नव्हतं. मी गेले. गुरवाला म्हटलं, प्रश्न मनातला आहे. त्याने देवीपुढे गाऱ्हाणं घातलं, कौल मागितला. डावी कळी पडली — मी हात जोडेपर्यंत पडली. गुरव म्हणाला, “देवी नाय म्हणता गो. काय आसात ता सोडून दी.”

मी इंदिरेच्या अंगणात उभी राहिले आणि म्हटलं, “उजवो पडलो.”

इंदिरा आता देवळाची पायरी चढत नाही. नवरात्रात ओटी भरत नाही. मी हाक मारायला गेले की म्हणते, “जा तू तुझ्या देवीकडे. माका फसवल्यान तिना.” गाव तिला चक्रम म्हणतं. देवी काही बोलत नाही, मीही बोलत नाही. एकदा तर तिच्या ओटीवर बसून, तिचाच चहा पीत, मीसुद्धा देवीला नावं ठेवली.

देवीला पुढचं दिसलं होतं का, मला ठाऊक नाही. पण मला कौलाची गरजच नव्हती.

सुलभाच्या आधी त्या साहेबाकडे आंबोलीकडची एक मुलगी होती. तिकडून सुटून आल्यावर ती आपली पत्र्याची पेटी न्यायला सावंतवाडीच्या घरी आली. मी तिला पेज वाढली. बस म्हटलं तरी बसेना, उभ्यानेच प्यायली. लोणच्यासाठी हात पुढे केला तेव्हा बाही वर सरली — कोपराखाली इस्त्रीच्या टोकाचा डाग. सुलभाच्या हातावर आज आहे, तसाच. ती म्हणाली, “मावशी, त्या घरात आणि कोणाक धाडू नको.” मी बरं म्हटलं.

महिन्याभरात बाईसाहेबांनी मला माजघरात बोलावलं. त्यांना सुलभा ठाऊकही नव्हती. त्या म्हणाल्या, “तुझी वंदना घरीच असते ना? तिलाच पाठव.”

वंदना माझी मुलगी. मी एका श्वासात सांगितलं, तिचं लग्न ठरलंय. कसलं ठरलंय — पत्रिकासुद्धा कुणाला दिली नव्हती. “मग दुसरी कोणी बघ,” बाईसाहेब म्हणाल्या. दुसरी कोणी नाही, असं म्हणता येत होतं. तो डाग मी पाहिलाय, असं म्हणता येत होतं. जीभ काय कुणी धरली होती माझी? मी म्हटलं, “माझ्या बहिणीची आहे एक. हाताला चव आहे तिच्या.”

वंदना कुडाळला सुखात आहे. हे तिच्या वाचनात येईल. इंदिरेला वाचता येत नाही. तिला सुलभाच वाचून दाखवेल.

बाईसाहेबांनी मागितली होती माझी मुलगी. त्या घरात साडेतीन वर्षं काढली ती सुलभाने.