घर रिकामे नव्हते

कमळ, हदगावच्या स्टँडवर आपण चुलत बहिणी लहानपणी एकत्र उभ्या होतो, ते तुला आठवतं का, मला ठाऊक नाही. तू आठ वर्षांची होतीस, मी दहा. दुष्काळाचं दुसरं वर्ष चाललं होतं. औत करून मागायला माझ्या वडलांकडे, दादांकडे, कुणी येईना, कारण औताला जुंपायला बैलच उरले नव्हते. सुताराला शेतकऱ्यासारखं शेत नसतं की पुढच्या पावसाकडे बघत बसावं. लातूरला डाळमिलवाल्यांना लाकूडकाम येणारा माणूस पाहिजे होता, एवढ्या निरोपावर आम्ही निघालो होतो. कंडक्टर हत्यारांची पेटी आत घेऊ देईना. दादा म्हणाले, "मी वर बसतो, पण पेटी वर टाकणार न्हाई." शेवटी पेटी आत आली आणि दादा दारात उभे राहिले. लातूरपर्यंत.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुम्ही गेलात आणि सुटलात. आम्ही राहिलो इथंच." मी फोन ठेवला. माझी चिडचिड झाली असं नाही, पण उत्तर द्यायला लई दमायला झालं होतं. म्हणून हे लिहून पाठवते. आजोबांच्या शेवटच्या आजारात आम्ही सगळे दीड महिना तुमच्याकडे राहिलो होतो ना, त्यानंतर आमचं काय झालं ते तुला कधी कुणी सांगितलंच नाही. मायनंच सांगू दिलं नव्हतं. तिला वाटायचं, तुमच्या घरी राहिल्यामुळं आमचं घर गेलं असं तुम्ही मनाला लावून घ्याल.

लातूरला आम्ही किरायानं राहायचो वीरभद्रअप्पांच्या घरात. अप्पांचं पुढं किराणा दुकान, मागं आमच्या दोन खोल्या आणि एक पडवी. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं हळू. त्यांनी दादांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "आपल्यात कागद कशाला, मिस्त्री? तुमचा शब्द, माझा शब्द." नऊ-दहा वर्षं तसंच चाललं. कधी पावती नाही, कधी भांडण नाही. अप्पांच्या दुकानातले खण, फळ्या, गल्ल्याची पेटी, सगळं दादांनी केलेलं. दादा म्हणायचे, "किराया देतो म्हणजे घर आपलं न्हाई, पण राहणं आपलं हाय." मला हे वाक्य तेव्हा फार पक्कं वाटायचं.

मग लातूर जिल्हा झाला. गावात फटाके वाजले, मिठाई वाटली, आम्हीही खाल्ली. थोड्याच दिवसांत उस्मानाबादहून कचेऱ्या येऊ लागल्या. कचेऱ्यांबरोबर साहेब, कारकून, शिपाई आणि त्यांची बायकापोरं. एवढ्या माणसांना घरं कुठून आणायची? आपल्याकडे निजामाच्या राज्यानंतरचा किरायाचा जुना कायदा होता. घर रिकामं झालं की मालकानं सरकारला कळवायचं आणि सरकारनं ते नोकरमाणसाला द्यायचं. इतकी वर्षं तो कायदा कुठंतरी पडून होता, आता जागा झाला. मालक घाबरले. कुणी रिकाम्या खोलीत कडब्याच्या पेंढ्या भरून ठेवल्या, कुणी साडूला आणून बसवलं.

आम्ही तेव्हा तुमच्याकडे होतो. आमच्या दाराला कुलूप होतं.

आजोबांचे दिवस करून आम्ही परतलो ती दुपारची वेळ होती. पडवीतल्या दोरीवर लंगोट वाळत होते. पहिल्यांदा मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या दारात आलो. दार उघडं होतं. आत एक बाई बाळाला घेऊन उभी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. आम्हाला बघून तिनं बाळ घट्ट धरलं. माय म्हणाली, "कोण गं तू?"

"आम्हाला अलॉटमेंट मिळालीय," ती म्हणाली. "साहेब ऑफिसला गेलेत." आणि आतून तिनं एक कागद आणून दिला. मायला वाचता येत नव्हतं, दादांना अक्षरं लावत लावत यायचं. मी कॉलेजात होते, म्हणून कागद माझ्या हातात आला. मी मोठ्यानं वाचला. त्यात अप्पांचं नाव होतं, घराच्या चारी बाजू लिहिल्या होत्या, श्री. देशमाने, कनिष्ठ लिपिक, यांना ताबा देण्यात येत आहे असं होतं. घरापुढे एकच शब्द होता: रिकामे.

माय म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला.

आमची भांडी, धान्याचा डबा, माझी पुस्तकं, दादांची हत्यारं, सगळं मागच्या खोलीत नीट रचून ठेवलेलं होतं. एकही वस्तू हरवली नव्हती. त्या बाईनं, शैलावहिनीनं, सगळ्यावर एक जुनी चादर घातली होती. मला त्या चादरीचाच जास्त राग आला.

दादा अप्पांकडे गेले. मी मागं होते. अप्पा दुकानातून उठलेच नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, एक साहेब आला. कुलूप बघितलं. किती दिवसांपासून बंद हाय म्हणला. म्या खरं तेच सांगितलं, महिना झाला. त्यानं लिहून घेतलं अन् सही मागितली. न्हाई दिली तर खटला करतो म्हणला. मी भ्यालो."

"गावाकडं गेलेत, येणार हायत, एवढं सांगायचं होतं अप्पा."

"सांगितलं. त्यानं लिहिलं न्हाई."

दादा तसेच उभे राहिले. त्यांना भांडता येत नव्हतं, लाकडाशी सोडून कुणाशीच. परत आलो तेव्हा मायनं सामान हलवायला सुरुवातही केली होती. मला वाटलं, आता रस्त्यावर. पण ती चूल पडवीत मांडत होती. शैलावहिनीला म्हणाली, "लेकरू तान्हं हाय, तू आतच राहा. आम्ही हितं पडवीत अन् मागच्या खोलीत राहतो. पण आम्ही जाणार न्हाई, हे तुझ्या मालकाला सांग."

असे चार महिने काढले, कमळ. एका घरात दोन घरं. मधे लुगड्याचा पडदा. सकाळी नळाला पाणी येई तेव्हा आधी त्यांचे दोन हंडे, मग आमचे दोन. देशमाने इस्त्रीचा शर्ट घालून मान खाली घालून आमच्या चुलीपाशी वाकून बाहेर पडत. शैलावहिनी दिवसा रडे. तिला माहेर दूर, सासू नाही. बाळ दूध ओकायला लागलं तेव्हा मायच उठली. रोज अंघोळीआधी त्याला तेल लावून चोळायला लागली. मला ते बघवत नसे. मी एकदा बोलले, "त्यांनी आपलं घर घेतलंय." माय म्हणाली, "हिनं घेतलंय व्हय? हिला तर कुणी विचारलं बी न्हाई, लातूरला येतीस का म्हणून."

दादा रोज कामाची अर्धी पाळी बुडवून कचेरीत जायचे. तिथं एकच बोलणं. पावती आणा. किरायेदार आहात तर पावती दाखवा. पावती नसेल तर तुम्ही किरायेदार नाही, आणि नाही तर मग ती जागा रिकामीच. दादांना हे समजायचं नाही. ते मला घरी येऊन विचारत, "सुमन, दहा वर्षं माणूस राहतो, त्याची पावती कशी फाडतात?" अप्पा साक्ष द्यायला तयार नव्हते. पावती न देता किराया घेतला हे कबूल केलं तर त्यांच्यावरच आलं असतं.

अर्ज मी लिहीत होते. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की या सगळ्या गावात एकच माणूस असा आहे, जो घर रिकामं नव्हतं हे पाहून आत आला. एका रविवारी देशमाने पडवीत दाढी करत बसले होते. मी समोर जाऊन विचारलं, "तुम्ही कुलूप काढलं तेव्हा आत आमचं सामान होतं का?"

ते आरशातच बघत राहिले. "होतं."

"मग तेवढंच लिहून द्या."

त्यांनी दाढी अर्धी सोडली आणि आत गेले. पडद्यामागून शैलावहिनीचा आवाज आला, "ह्यांची नोकरी अजून कच्ची आहे गं. आणि आम्ही कुठं जाऊ?" माय माझ्यावर भडकली. म्हणाली, "त्यांच्या तोंडचा घास काढून आपण खायचा का?"

आठवडा उलटून गेला. मग एक दिवस कॉलेजात वही उघडली तर आत घडी घातलेला कागद. सरकारी कारकुनाचं वळणदार अक्षर. त्याची नक्कल अजून माझ्याकडे आहे, म्हणून शब्द न् शब्द सांगते: "ताबा घेतेवेळी सदर घरात धान्य, स्वयंपाकाची भांडी, सुतारकामाची हत्यारे व विद्यार्थ्याची पुस्तके होती. पीठ ताजे होते. घर रिकामे नव्हते." खाली पूर्ण सही, हुद्दा. पीठ ताजे होते, हे त्यांना लिहायची गरज नव्हती. आम्ही जाऊन महिना झाला होता, पीठ ताजं कसं असेल? ते त्यांनी आमच्या बाजूनं थोडं जास्तच लिहिलं होतं.

तो कागद अर्जाला जोडला आणि अलॉटमेंट रद्द झाली. देशमान्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला एक पत्र्याची खोली मिळाली. हातगाड्यावर त्यांचं सामान चढलं तेव्हा माय गाड्यामागं चालत पार तिथवर गेली, बाळाला कडेवर घेऊन. पुढं त्यांची बदली निलंग्याकडे झाली. त्या कागदामुळं झाली की आपोआप, आम्हाला कधी कळलं नाही. मी विचारायला गेले नाही. याची लाज मला आजही वाटते.

घर परत मिळालं, पण दादांचं त्यातलं मन उडालं. अप्पा आता पावती द्यायला लागले होते, दर महिन्याला, न मागता. दादा ती घडी घालून खिशात ठेवत आणि अप्पांकडे बघत नसत. गल्लीही बदलत होती. बांगडीवाल्या चाची गेल्या, शिकवणीचे गुरुजी गेले. त्यांच्या खोल्या मोठ्या किरायानं नव्या माणसांनी घेतल्या. कुणाला निरोप द्यायचीही उसंत नव्हती. मग गावाबाहेर सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्यानं प्लॉट निघाले. दादा म्हणाले, "आता कुणाच्या सहीवर राहायचं न्हाई," आणि अर्ज केला. प्लॉट मिळाला. करारनामा मीच वाचून दाखवला: मुदत तीस वर्षं. विकता येणार नाही. पोटभाडेकरू ठेवता येणार नाही. परवानगीशिवाय भिंत वाढवता येणार नाही. शर्त मोडल्यास जमीन सरकारजमा.

दादा ऐकून घेऊन हसले. "म्हंजे मालक बदलला," एवढंच बोलले. तरी त्यांनी तिथं असे दरवाजे बसवले की अजून एक फळी फुगलेली नाही.

त्यानंतरचं तुला ठाऊकच आहे. मी लग्न होऊन नांदेडला गेले, शाळेत लागले. यजमान गेल्यावर त्यांचं घर दिरांकडे राहिलं, मी किरायानं. आता अकरा महिन्यांचा करार असतो. बारावा महिना कुणाचाच नसतो. मालक चांगले आहेत, पण दर वर्षी करार संपायला आला की मी भिंतीला खिळा ठोकायचं थांबवते. आधी दादा, मग माय गेली. लातूरच्या प्लॉटवर धाकटा भाऊ बालाजी राहतो.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. भाडेपट्ट्याची जमीन आता रक्कम भरून मालकीची करून घेता येते, वर्ग दोनचं वर्ग एक. पण सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. "अक्का, तू एक चक्कर मार," तो म्हणाला. कसली सही ते तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. बहिणींची सही कशाला लागते, हे आपल्याकडे कुणी फोडून सांगत नाही. मी हक्कसोडपत्रावर सही करायचं मनाशी ठरवूनच एसटीत बसले. बालाजीच्या पोरांना वरचा मजला बांधायचाय. त्याच्या हयातीत घर त्याच्या नावावर होईल. मला या वयात काय करायचंय?

लातूरच्या कचेरीत खिडकीतल्या मुलीनं कागद चाळले. तरुण होती, गोड बोलत होती. "काका, बहिणीचं हक्कसोड जोडलं तर लवकर होईल. नाहीतर दोघांची नावं लागतील." बालाजीनं माझ्याकडे बघितलं. जराही दाब न टाकता बघितलं, खरं सांगते.

मी म्हणाले, "माझं नाव राहू द्या."

माझं मलाच नवल वाटलं. बालाजीचा चेहरा क्षणभर उतरला. साठीला आलेला माणूस, चार वेळा खेटे घालून दमलेला. मग त्यानं फॉर्म ओढून घेतला, पेन उघडलं आणि विचारलं, "माहेरचं लिहू का सासरचं?"

"दोन्ही लिही."

त्यानं लिहिलं. कागदावर जागा पुरेना म्हणून आडनाव खालच्या ओळीत गेलं. बाहेर आल्यावर रसवंतीवर बसलो. त्यानं दोन ग्लास रस सांगितला. मग म्हणाला, "तू तिथं राहायला येणार हाईस का?"

"न्हाई रे. तुझ्या पोरांना बांधू दे. मी अडवणार न्हाई."

"मग नाव कशाला?"

त्याला मला नीट सांगता आलं नाही, कमळ, म्हणून तुला सांगते. मला तिथं राहायचं नाही. नांदेडची दोन खोल्यांची जागा, दूधवाला, वरच्या मजल्यावरची शेजारीण, एवढ्यात माझं उरलेलं निभेल. पण जन्मभर मी ज्या ज्या घरात राहिले तिथून ऊठ म्हटल्यावर उठायचं, एवढंच मला येत होतं. आता कुठंतरी एक जागा अशी आहे, जिथून मला कुणी ऊठ म्हणालं तर मी बसल्या जागेवरून "का?" असं विचारू शकते. तिथं मी वर्षातून दोनदा जाईन, जेवीन, दुपारची झोपेन आणि परतीची गाडी धरीन. माझ्यासाठी आता घर म्हणजे तेवढंच आहे.