निरंक

नववीच्या मुलींनी भरलेले फॉर्म चाळताना एका कागदाला भोक पडलेलं दिसलं. 'शाळेत तुम्हाला कोणी त्रास देतं का?' या प्रश्नापुढे 'रोज'च्या चौकटीत कुणीतरी पेन्सिलीने खूण केली होती आणि मग ती इतक्या जोरात खोडली होती की कागदच फाटला. 'कधीच नाही'समोर मात्र नवी, नेटकी खूण.

फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. म्हणे, गुप्त पाहणी! एका बाकावर तिघी, कोपराला कोपर लागलेलं, आणि आपण विचारायचं की बाई गं, शेजारची तुला छळते का, अगदी खरं सांग हं.

तेवढ्यात आमचे क्लार्क आले. "मॅडम, नववीचं काय लिहू?"

मी तो कागद पुढे केला. "हे भोक कुठल्या रकान्यात धरता?"

"खूण 'कधीच नाही'वर आहे ना? मग निरंक." आणि त्यांनी लिहूनही टाकलं.

निरंक! रोज त्रास सोसणारी मुलगी, आणि तिचा हिशोब शून्य! मला क्लार्कचा राग आला, फॉर्म छापणाऱ्यांचा आला, वरून तो धाडणाऱ्यांचाही आला.

मग आठवलं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी घाईघाईने खोडत होती, तेव्हा फॉर्म गोळा करणारी मॉनिटर हात पुढे करून तिच्या डोक्याशी उभी होती. तिच्या नुसत्या नजरेने अख्खा वर्ग गप्प होतो. म्हणून तर मी तिला मॉनिटर केलं.