लिलाववाला रांगेत उभा राहिला

अमेरिकेत, आयोवातल्या आमच्या गावात लॉयल टेस्डाल गुरांचा लिलाव पुकारायचा. दर मंगळवारी बाजार भरायचा, आणि तिथेच कोपऱ्यात माझं कॉफी-केकचं टेबल असायचं. पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही, हा त्याचा नियम. राजकारणातही तेच. त्याच्या अंगणात निवडणुकीची पाटी कुणी कधी पाहिली नाही. दोन्ही पक्षांची माणसं गुरं आणतात, मग एकाला कशाला दुखवायचं?

जुना आजार असला तरी आरोग्य विमा नाकारता येणार नाही, अशा कायद्यावरून देश भांडत होता, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. खासदार गावोगावी सभा घ्यायचे आणि शिव्या खाऊन परतायचे. आमच्याकडचा खासदार शहाणा. त्याने सभा सांभाळायला लॉयललाच बोलावलं. गुरांच्या हंबरण्यावर ज्याचा आवाज चढतो, तो माणसांना काय भिणार!

त्याच्या घरचं मला ठाऊक होतं. त्याच्या बायकोचं, आर्डिथचं, मूत्रपिंड बिघडलेलं. आजार जुना आहे म्हणून एकही विमा कंपनी तिला घेईना. आर्डिथने मला सांगितलं होतं, आणि कुणाजवळ बोलू नकोस म्हणून बजावलंही होतं.

शाळेच्या क्रीडागृहात सभा भरली. सगळ्यांत मोठा गुरंवाला ड्वेन किंकेड. तो माईकजवळ जाऊन ओरडला, "आता सरकार माझी नाडीसुद्धा बघणार का?"

"बघू दे की!" मागून शाळेतल्या संगीत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आहे की नाही ते तरी कळेल!"

हशा झाला. लॉयलने लिलावाची हातोडी आपटली. "एका वेळी एकानेच बोलायचं. ड्वेन, आटप."

"आटपतो. ज्यांना विमा मिळत नाही ना, ते आळशी आहेत. कामं करा म्हणावं!"

 लॉयलने हातोडी खासदारापुढे ठेवली, मंचावरून खाली उतरला आणि माईकसमोरच्या रांगेत सगळ्यांत शेवटी जाऊन उभा राहिला. पाळी आल्यावर म्हणाला, "माझ्या बायकोला मूत्रपिंडाचा आजार आहे. ती माझ्या आधी उठते, माझ्यानंतर झोपते. तिला कुणी विमा देत नाही. कायदा करा."

अर्धी सभा उठून टाळ्या वाजवायला लागली. ड्वेन म्हणाला, "म्हणजे तू त्यांच्यातला निघालास!"  लॉयलने वर जाऊन हातोडी घेतली आणि सभा संपल्याचं पुकारलं.

मंगळवारी टाळ्यावाली मंडळी बाजारात आली. शिक्षक, वाचनालयातली बाई, पाद्री. लॉयलचा हात हातात घेऊन गेली, माझा केक संपवून गेली. पण त्यांच्यातल्या एकाकडेही गाय नव्हती. गायी होत्या ड्वेनच्या बाजूच्यांकडे, आणि त्यांचे ट्रक शेजारच्या गावच्या बाजाराकडे वळले. बर्फ पडायच्या आत आमचा बाजार बंद झाला.

आर्डिथ तर त्याच्याशी बोलेचना. माझ्या स्वयंपाकघरात येऊन फणफणली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण प्रेमाचा एक शब्द नाही त्याच्या तोंडून. आणि माझं मूत्रपिंड मात्र गावभर सांगून आला!"

मार्चमध्ये कायदा झाला. आमच्या खासदाराने विरोधातच मत दिलं. आर्डिथच्या हाती विम्याचं कार्ड पडायला त्यापुढेही काही वर्षं गेली. तोवर लॉयल शाळेची बस चालवायला लागला होता. कार्ड आलं तेव्हा मी त्यांच्याकडेच बसले होते. तिने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"एवढ्याशासाठी घालवलास होय रे बाजार?"

"हो," लॉयल म्हणाला, आणि पोरांना उशीर होईल म्हणून निघाला.