चाळीस काळ्या पँटी

मास्तरांची टीप इतकी सरळ असायची की गल्लीतले लोक म्हणत, पट्टी ठेवून ओढलेली रेघ एखाद्या वेळी वाकडी होईल, पण मास्तरांची टीप होणार नाही. ते कोट-पँटी शिवायचे. मी त्यांचं काज-बटण करायचो. दुकान त्यांचं होतं, मी माझ्या घरी खिडकीपाशी बसून काम करत असे. त्यांच्याविषयी लिहायचा अधिकार मला आहे की नाही, कोण जाणे. मी आयुष्यात पत्रंसुद्धा मोजकीच लिहिली. पण आता मास्तरही नाहीत आणि वहिनीही नाहीत, आणि त्या एका महिन्यात काय झालं ते ठाऊक असलेला मीच उरलो आहे.

कर्ज मास्तरांचं नव्हतं. त्यांचा मेव्हणा, म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, गोड बोलून टेम्पो घ्यायला निघाला. पैसे दिले शेजारच्या कापडवाल्या शेठने, आणि जामीन राहिले मास्तर. वर्षभरात मेव्हणा टेम्पोसकट नाहीसा झाला. मास्तरांनी चार वर्षं हप्ते भरले. शेवटी वीस हजार उरले. शेठने दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा त्याने कागद केला: तीस तारखेपर्यंत सगळे पैसे आले नाहीत, तर मास्तरांचं दुकान त्याचं. त्याला मधली भिंत पाडून आपलं दुकान मोठं करायचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याच महिन्यात एका हॉटेलच्या वेटरांसाठी चाळीस काळ्या पँटींचं काम आलं. त्याचे बारा हजार मिळणार होते. राहिलेले आठ घरखर्चातून काढायचे, असं वहिनींनी ठरवलं. ठरवलं म्हणजे जाहीर केलं. एक तारखेला मी तयार कोट पोचवायला त्यांच्या खोलीवर गेलो होतो, तेव्हा त्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर पेन्सिल घेऊन उभ्या होत्या.

"दूध अर्धं. पेपर बंद. बस बंद, चालत जायचं. केस मी कापीन. साखर फक्त आईंच्या चहात."

"फक्त माझ्या चहात म्हणजे? उपकार करतेस?" मास्तरांची आई कॉटवरून म्हणाली. तिचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. "कर्ज काय माझ्या भावाने करून ठेवलंय?"

"तुम्हाला भाऊच नव्हता, आई. सुटला बिचारा."

म्हातारीला स्वतःलाच हसू आलं. मास्तरही हसले. पण म्हातारीने ते हसू लगेच गिळलं आणि म्हणाली, "हस तू. बहिणीचा संसार धुऊन नेला, आणि बहीण साबणाचे तुकडे चिकटवत बसलीये."

वहिनी एव्हाना खरंच मोरीपाशी जाऊन साबणाचे उरलेले तुकडे एकमेकांवर दाबत बसल्या होत्या. मग माझ्याकडे वळून, पण माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावोजी, तुमची मजुरी या महिन्यात थांबेल. चालेल ना?"

चालेल, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पहिला आठवडा जोमात गेला. दुसऱ्या आठवड्यात घराचा रंग बदलला. बटाटे सालीसकट शिजू लागले. दिवसातून एकदाच चूल पेटायची आणि संध्याकाळचं अन्न गारच खायचं. मास्तर रोज पाऊण तास चालत दुकानात यायचे, तेवढंच चालत घरी जायचे. त्यांच्या बुटाचा तळ उघडला तेव्हा त्यांनी आत अस्तराच्या कापडाची घडी घातली. वहिनी जेवताना त्यांच्या ताटाकडे बघायच्या नाहीत, स्वतःच्या ताटात वाढायच्या की नाही तेही कुणाला कळायचं नाही. म्हातारी मात्र दर घासाला मेव्हण्याचं नाव घ्यायची. खोकला आला तरी त्याच्याच नावाने खोकायची. वहिनी सगळं ऐकून घ्यायच्या. भाऊ त्यांचाच होता, त्यावर बोलायला जागा नव्हती.

एका दुपारी त्या दुकानात आल्या आणि दोन ट्यूबपैकी एक स्वतः स्टुलावर चढून काढली. "एक पुरे," म्हणाल्या. दुकान अरुंद आणि खोल होतं. मशीन मागच्या भिंतीशी होतं. उन्हाचा उजेड दाराजवळच्या फळीपर्यंत यायचा, पुढे नाही. मास्तर म्हणाले, "अगं, काळ्यावर काळं शिवायचंय." त्या म्हणाल्या, "तुमचा हातच बघतो की सगळं. डोळ्यांचं काय काम?" हे त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं. मास्तरांनीही ते तसंच घेतलं. ट्यूब गेली.

तेव्हाच त्यांनी पिशवीतून काळ्या दोऱ्याची सहा मोठी रिळं काढली. पलंगाखालच्या डब्यात सापडली होती, जुन्या कुठल्यातरी कामातली उरलेली. वरचे कागद कधीच गळून गेले होते. "नवीन आणू नका. एवढ्यात चाळीस पँटी होतात की नाही बघा." त्यांचा चेहरा त्या महिन्यात पहिल्यांदाच उजळलेला मी पाहिला. सहा रिळांचे पैसे वाचले होते.

आमच्या धंद्यात एक सवय असते. काळं किंवा गडद काही शिवायचं तर कापड आणि दोरा दोन्ही दारात न्यायचे आणि उन्हात शेजारी धरून बघायचे. आत दिव्याखाली काळा आणि गडद निळा सख्ख्या भावांसारखे दिसतात. मास्तरांनी ही सवय तीस वर्षं मोडली नव्हती. मलाही त्यांनीच शिकवली होती. पण त्या महिन्यात मास्तर दाराशी येतच नव्हते. शेठ आपल्या दुकानाबाहेर फुटपाथवर स्टूल टाकून बसायचा. मास्तरांचं डोकं उंबऱ्यापाशी दिसलं की मोठ्याने विचारायचा, "काय मास्तर, जमतंय का?" आवाजात काही वाईट नसायचं. पण गिऱ्हाईक वळून बघायचं. म्हणून मास्तर सकाळी आत शिरायचे ते शेठ जेवायला गेल्यावरच बाहेर पडायचे. दोरा दारात गेला नाही.

पहिल्या वीस पँटी माझ्याकडे काजांसाठी आल्या. मी गठ्ठा खिडकीत सोडला, आणि मला दिसलं. पँट काळी, टीप निळी. खिशाच्या तोंडाला, पट्ट्यावर, लुपांवर, सगळीकडे बारीक, सरळ, निळी टीप.

मी ती पँट बराच वेळ हातात धरून बसलो. मग मनाशी म्हणालो, हॉटेलवाल्यांनीच तसं सांगितलं असेल. मग म्हणालो, मास्तरांना दिसलं नसेल असं कसं होईल? आणि खरं सांगायचं तर, माझी मजुरी थांबलेली होती. अशा वेळी चूक दाखवायला गेलो तर वाटेल, पैशांसाठी टोचतोय. मला लोकांसमोर बोलायला पहिल्यापासून जमत नाही. मी काळा दोरा ओवला आणि काजं केली. कमरेला एक, मागच्या खिशाला एक. पुढच्या वीस आल्या, त्याही तशाच. त्यांचीही केली.

पंचवीस तारखेला आम्ही दोघं माल घेऊन हॉटेलवर गेलो. टेम्पोचं भाडं वाचवायला वीस-वीस पँटींचा गठ्ठा खांद्यावर घेतला होता. हॉटेलच्या मोठ्या खोलीत छताला आणि भिंतींना दिवेच दिवे होते. मॅनेजरने पहिलीच पँट उचलली, पट्टा बोटांवर ताणला आणि डोळे बारीक केले.

"मास्तर, ही टीप निळी आहे."

"उजेडामुळे वाटते साहेब."

"उजेडामुळे? मग हे काज काळं का दिसतंय?" त्याने माझं काज अंगठ्याने दाबून दाखवलं. निळ्या टिपेच्या मधोमध ते काळं काज असं बसलं होतं, की आंधळ्यालाही फरक दिसावा. "हे नसतं तर मलाही कदाचित कळलं नसतं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"उसवून पुन्हा शिवून देतो," ते म्हणाले.

"परवा हॉटेलचं उद्घाटन आहे. वेटर काय टॉवेल गुंडाळून फिरतील? आणि उसवलं की या कापडावर सुईची भोकं राहतात, हे मलाही कळतं." तो माणूस तसा वाईट नव्हता. त्याने हिशेब केला आणि म्हणाला, "अर्धे देतो. जॅकेट लांब आहेत, झाकलं जाईल. पटत नसेल तर घेऊन जा."

घेऊन जायचं कुठे? मास्तरांनी सहा हजार घेतले.

परतताना अर्ध्या रस्त्यात मला राहवलं नाही. "मास्तर, मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं," मी म्हणालो. "खिडकीत. मी बोललो नाही."

ते थांबले. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मलाही दिसलं होतं, भाऊ," ते म्हणाले. "दहा पँटी झाल्यावर. बॉबिन हातातून निसटली आणि घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेली. उचलायला गेलो तर निळी."

"मग?"

"मग काय? तिने आणलेला दोरा. घरी जाऊन काय सांगू? आई महिनाभर तिला भावावरून सोलतेय. त्यात हे घालू?" ते पुन्हा चालायला लागले. "वाटलं, चाळीसच्या चाळीस सारख्या असल्या तर वाटेल तशाच शिवायच्या होत्या. खपून जाईल."

खपून गेलं असतं. माझी काजं निळी असती, किंवा मी तोंड उघडलं असतं, तर खपून गेलं असतं. हे ते बोलले नाहीत. ते माझं मलाच सांगावं लागलं.

कोपऱ्यावर आल्यावर ते म्हणाले, "घरी मी सांगणार आहे, की तिची रिळं काळीच होती, ती दहा पँटींत संपली. पुढचा दोरा दुकानातला, तो मीच बघून घेतला नाही. तुम्ही यात पडू नका."

घरी त्यांनी तसंच सांगितलं. म्हातारी नेहमीप्रमाणे तोंड उघडायला गेली आणि मुलाकडे बघून गप्प राहिली. मुलाला ती कधी टाकून बोलली नव्हती.

पाच दिवसांत सहा हजार कुठून येणार? मास्तर दोन-चार जणांकडे जाऊन आले. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, ते उगाच नाही. ज्यांच्या लग्नाचे सूट यांनी शिवले, त्यांना त्या आठवड्यात नेमकी अडचण होती.

तीस तारखेला वहिनी स्वतः मास्तरांबरोबर शेठकडे गेल्या. मीही दाराशी उभा होतो. त्यांनी कापडी पिशवीतून त्यांचे आठ आणि पँटींचे सहा, असे चौदा हजार पुढे ठेवले. नोटा बारीक घड्या घातलेल्या होत्या.

"सहा हजार कमी आहेत," वहिनी म्हणाल्या. "पंधरा दिवस द्या."

"वहिनी, तुम्ही हे कसे जमवलेत ते मला दिसत होतं," शेठ म्हणाला. "पण दोनदा दिले ना? तिसऱ्यांदा कागद झालाय. सोमवारी गवंडी येतोय." त्याने नोटा मोजल्यासुद्धा नाहीत. हाताने परत सरकवल्या. "दुकानात सगळं फिटलं. हे घरी ठेवा. आणि मास्तर, मशीन हलवू नका. मला कारागीर लागणारच आहे. पगार देईन."

मास्तरांनी किल्ली फळीवर ठेवली. वहिनी पैसे उचलत नव्हत्या. शेवटी मास्तरांनीच ते पिशवीत भरले.

दोन दिवसांनी वहिनी माझ्या घरी आल्या. माझी थांबलेली मजुरी त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. त्या फार वाळल्या होत्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"भावोजी, एक विचारते. सगळ्या पँटी तुमच्या हातून गेल्यात. पहिल्या दहांचा दोरा कोणता होता?"

माझ्या हातात सुई होती. मी तिच्याकडेच बघत राहिलो.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही," त्या म्हणाल्या. "हे म्हणतात माझा काळा होता. पण हे मला वाचवायला काहीही बोलतील. आधी माझ्या भावाने, आणि आता मीच जर... तुम्ही खरं सांगा. तुम्ही उजेडात बसता."

"काळा," मी म्हणालो. "पहिल्या दहांची टीप काळीच होती वहिनी. मी बघितल्यात."

त्यांनी डोळे मिटले. मग पदराने तोंड पुसलं आणि भिंतीला टेकल्या. महिनाभर ताठ धरलेली पाठ एकदम सैल झाली.

"म्हणजे यांचीच चूक," त्या हळूच म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, या वेळी जरा मोठ्याने, "म्हणजे यांचीच."

मी मान हलवली.

त्यानंतर मास्तर अकरा वर्षं जगले, शेठच्या नोकरीत. भिंत पडली, त्यांचं मशीन जिथे होतं तिथेच राहिलं. टीप शेवटपर्यंत सरळ होती. घरी मात्र काहीही कमी पडलं, की वहिनींच्या तोंडी एकच. "सोन्यासारखं दुकान घालवलंत. एक दोरा बघता आला नाही? डोळे होते की बटणं?" त्यांची काय चूक? त्यांना जे सांगितलं, ते त्यांनी खरं मानलं. म्हातारीसुद्धा शेवटी शेवटी सुनेच्या बाजूने बोलायची.

कधी कधी ते मला जेवायला थांबवून घेत. वहिनी बोलायला लागल्या की मास्तर मान खाली घालून जेवत राहायचे. माझ्याकडे वर बघायचे नाहीत. मीही माझ्या ताटातच बघायचो.