फळ्यावरची वेळ

माझी बायको म्हणते, तुमचं सगळं मला ठाऊक आहे. बरंचसं आहेही. पण हे नाही. हे मी तिच्याजवळ बोललो नाही, आईजवळ बोललो नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायलाच हवं होतं त्यांच्याजवळ तर — नाही, ते पुढे येईल. आधी मला मोकल गुरुजींविषयी सांगू द्या. तुम्ही म्हणाल, हा टाळतोय. टाळतोच आहे. पण गुरुजी कसे होते हे कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. दिघीच्या खाडीचा एक फाटा आत शिरतो, त्याच्या काठावरच्या गावात आमची बोर्डाची शाळा होती. दोन शिक्षक. मोकल गुरुजी मुख्य, आणि मी सातवीची फायनल पास होऊन नुकताच चिकटलेला. मुलं त्यांना मोठे गुरुजी म्हणायची, मला धाकटे गुरुजी. ट्रेनिंगला माझा नंबर लागावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

गुरुजी मूळचे उरणकडचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. बुटके, सावळे, आवाज बसका. अक्षर माझं त्यांच्याहून चांगलं होतं. कविता तर ते अशा म्हणत की मागच्या रांगेतली पोरं तोंडावर पाटी धरून हसत, आणि ते पाहून गुरुजीही हसत. मग त्यांच्यात होतं काय? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. तेव्हा मला वाटायचं, हा साधा माणूस आहे, आणि मी हुशार आहे.

मुलाचं उत्तर चुकलं की मी चिडायचो. गुरुजी खूश व्हायचे. खरंच सांगतो, त्यांचा चेहरा उजळायचा. मुलाशेजारी उकिडवे बसत आणि विचारत, "हे असं कसं काढलंस रे? मला दाखव." त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. पोरगं सांगू लागे, आणि सांगता सांगता स्वतःच थांबून डोकं खाजवू लागे. गुरुजी गप्प. ते गप्प राहणं मला अजून साधलेलं नाही. उत्तर जिभेवर असताना ते गिळून पोराच्या तोंडाकडे बघत बसायचं — करून बघा कधी.

एकदा फळ्यावर त्यांचं स्वतःचं गणित चुकलं. मागून कोणीतरी ओरडलं, "मोठे गुरुजी, तुमचं चुकलं!" मी माझ्या वर्गातून ऐकत होतो. वाटलं, आता छडी बसणार. तर गुरुजी म्हणाले, "कुठं? ये, दाखव." पोरगं पुढं आलं. गुरुजींनी फळा पुसला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं. आता नीट करू."

दुपारी मी त्यांना शहाणपण शिकवलं. म्हटलं, गुरुजी, असं करू नये, पोरं डोक्यावर बसतील. ते हसले. "मास्तर, आपण कधी चुकलोच नाही, तर चूक निस्तरायची कशी ते ही पोरं कुठं बघणार?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं. आणि मला ते सोयीचं वाटलं होतं.

आता खाडीचं. फाट्याच्या पलीकडे कोळ्यांची एक वाडी होती. ओहोटीला गुडघाभर पाणी आणि चिखल, भरतीला माणूस बुडेल इतकं. पूल नाही. होड्या समुद्रावर गेलेल्या. गुरुजी येण्याआधी त्या वाडीतलं एकही पोर शाळेत येत नव्हतं, कारण अकरा ते पाच ही वेळ समुद्राला मान्य नव्हती. गुरुजींनी काय केलं? वेळच बदलली. शाळा ओहोटीवर बांधली. कधी सकाळी सातला भरायची, कधी दुपारी बाराला. गावातले शेतकरी चेष्टा करत, "मोकल गुरुजींची शाळा चंद्रावर चालते." पण पलीकडची पोरं येऊ लागली. चड्डी डोक्याला बांधून, पाटी उंच धरून, चिखल तुडवत यायची.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत. ज्या पोरांच्या डोक्यात पाऊणकीचा पाढा काही केल्या शिरत नव्हता, त्यांना गुरुजींनी एवढंच विचारलं, "तृतीयेला पाणी कधी भरतं?" "सवादोनला!" "चतुर्थीला?" "तीनला!" "अरे, मग तुम्हाला पाऊणकी येते की!" ती पोरं एकमेकांकडे अशी बघू लागली, जणू खिशात अचानक काहीतरी सापडलं.

पण — आणि इथेच सगळं आहे — गुरुजी नुसत्या पाऊणकीवर विसंबत नसत. फळ्यावर वेळ लिहिण्याआधी ते पलीकडच्या मुलांना विचारत. आणि शाळा भरल्यावर पुन्हा विचारत. वारा कसा आहे? पाणी कसं दिसतं? पोरांनी मान डोलावली की ती वेळ कायम. नाहीतर खोडायची. मिठागरावर वाढलेला माणूस, त्यांना काय भरती कळत नव्हती? पण विचारत. कोळ्याच्या पोरांना त्या शाळेत कोणीतरी रोज काहीतरी विचारत होतं, आणि त्यांच्या उत्तरावर शाळा भरत होती, सुटत होती.

त्या मुलांत हौशी होती. अकरा-बारा वर्षांची, धर्मा कोळ्याची मुलगी. पाठीमागे धाकटा भाऊ, बाळ्या, कायम. गुरुजी म्हणत, ही फायनलला बसणार. त्या वाडीतून मुलगी फायनलला! धर्मा हसायचा, पण पाठवायचा. गुरुजींच्या भरवशावर पाठवायचा.

दिवाळी होऊन गेली होती. पौर्णिमेनंतरचे दिवस, उधाणाचे. गुरुजींना बैठकीसाठी श्रीवर्धनला जायचं होतं. निघताना छत्री काखेत मारून ते म्हणाले, "मास्तर, उद्याची वेळ पाऊणकीनं काढा. पण सकाळी पलीकडच्या पोरांना विचारा." फाटकापर्यंत गेले आणि मागे वळून पुन्हा म्हणाले, "विचारा हं."

दुसऱ्या दिवशी तृतीया. भरती सवादोनला. मी हिशेब केला आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं — सुटण्याची वेळ साडेदहा. कोणाला विचारलं नाही. मी शिक्षक. मी कोळ्याच्या पोरांना विचारू?

नऊच्या सुमारास हौशी उठून उभी राहिली. "धाकटे गुरुजी, वारा दखनी हाय. पानी बिगी चढंल. आमाला सोडा."

मी म्हटलं, "फळ्यावर काय लिहिलंय?"

"साडेधा."

"मग? मास्तर मी का तू?"

गावातली पोरं हसली. एकजण म्हणाला, "हौशी गुरुजी!" मग सगळेच हसले, मीही. ती खाली बसली. थोड्या वेळानं पुन्हा तिनं बाहेर पाहिलं. नारळीच्या झावळ्या उत्तरेकडे लवत होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही. ज्या शाळेत गुरुजींनी त्या मुलांना बोलायला शिकवलं होतं, तिथे मी एका मुलीला एका वाक्यात गप्प बसायला शिकवलं.

साडेदहाला शाळा सोडली. फाट्यात पाणी शिरलेलं होतं. पोरांनी पाहिलं आणि तरी उतरली — फळ्यावर वेळ होती ना. मोठी मुलं पार झाली. हौशीनं बाळ्याला खांद्यावर घेतलं होतं. मधोमध तिचा पाय निसटला. पलीकडे एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्यानं उडी टाकली नसती तर — पण टाकली. दोघांना ओढून काढलं. बाळ्या चिखलात पडून होता, निळा. मग ओकला, मग रडला. मी अलीकडच्या काठावर उभा होतो. मला पोहता येत होतं. हेही सांगून टाकतो. मला पोहता येत होतं, आणि माझे पाय हलले नाहीत.

पण माझी खरी गोष्ट ही नाही. भीतीनं पाय गोठतात, असं म्हणून मी स्वतःला कधीकधी झोपवलं आहे. पुढचं तसं नाही. पुढचं मी विचार करून केलं.

गुरुजी दुपारी परतले. वाटेतच त्यांना कळलं होतं. शाळेत आले, छत्री हातातच, आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, पोरांना विचारलं होतंत ना?"

मी म्हणालो, "तुम्ही पाऊणकीनं वेळ काढायला सांगितलंत. विचारायचं काही बोलला नव्हतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. संशयानं नव्हे. आठवायचा प्रयत्न करत होते. मला अजून तो चेहरा दिसतो — गणित चुकलेल्या पोराशेजारी बसल्यावर होई तसाच, हे असं कसं झालं असेल ते मनापासून शोधणारा. माझ्यासाठी शोधत होते ते! मग हळूच म्हणाले, "नसेन बोललो. घाईत होतो. मला रोजचं, म्हणून तुम्हाला ठाऊकच असणार असं धरून चाललो. मास्तरकीतली हीच चूक असते बघा."

तुम्हाला कळलं ना? दुसऱ्या कोणाला मी हे सांगितलं असतं तर तो माझ्या अंगावर आला असता, खोटं बोलतोस म्हणाला असता. गुरुजींचा जो गुण सगळ्यांत मोठा, स्वतःची चूक आधी शोधायचा, नेमका तोच धरून मी खोटं बोललो. ते मान्य करतील हे मला माहीत होतं. म्हणूनच बोललो.

संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर माणसं जमली. पलीकडचेही होडीतून आले. धर्मा ओरडत होता. गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी. नव्या मास्तरांना मी नीट सांगून गेलो नाही." धर्मा इतकंच म्हणाला, "गुरुजी, तुमाला बगून पाठवत व्हतो पोरं." बापाच्या मागे हौशी उभी होती. तिनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. ती खरं बोलली असती तर गुरुजींनी तिचं ऐकलं असतं. पण गप्प बसायचं हे तिला सकाळीच कळलं होतं.

वरून हुकूम आला. शाळा अकरा ते पाच. पलीकडची पोरं बंद झाली. गुरुजी बरेच दिवस शाळा सुटल्यावर होडी मिळेल तेव्हा वाडीत जाऊन शिकवत राहिले. मग त्यांची बदली झाली, वर घाटाच्या पायथ्याला, जिथे खाडीच नाही. जाताना त्यांनी माझ्या ट्रेनिंगची शिफारस केली होती. माझा नंबर लागला.

तीन वर्षांपूर्वी ते वारले. तोवर दर दिवाळीला मी त्यांना नमस्कार करायला जात होतो. दर वेळी ठरवून जात होतो. दर वेळी ते माझ्या शाळेतल्या मुलांविषयी विचारत, एकेकाचं नाव घेऊन, आणि मी सांगत बसे, आणि एसटीची वेळ होई.

लोक मला चांगला शिक्षक म्हणतात. मुलांना विचारतो, ऐकतो, चुकलं तर चुकलं म्हणतो. मागे शिक्षकांच्या मेळाव्यात मला बोलायला सांगितलं होतं. मी म्हणालो, शिक्षकाला मुलांसमोर स्वतःची चूक कबूल करता आली पाहिजे. टाळ्या पडल्या. गणितातल्या चुका मी नेहमी कबूल करतो. त्या सोप्या असतात.

आता मी मुरुडकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक आहे. या जूनमध्ये एक बाई मुलाचं नाव घालायला आली. अंगठा पुढे केला नाही. सही केली, सावकाश, नीट. गुरुजींनी शिकवलेलं अक्षर मी ओळखलं, आणि मग तोंड ओळखलं. तिनं मला आधीच ओळखलं होतं. इकडे दिली होती तिला, बाळ्या बोटीवर खलाशी आहे, असं काहीबाही बोललो. निघताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "धाकटे गुरुजी, ह्याला मधेच उठून बोलायची खोड हाय. बोलू द्या त्याला."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच म्हटलं. तेव्हाही एवढंच. ती फाटकाबाहेर गेली, आणि ते पोरगं माझ्याकडे बघत उभं राहिलं, मी काही विचारीन म्हणून.

गुरुजी विसरले नव्हते. छत्री काखेत मारून, फाटकातून मागे वळून त्यांनी मला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.