औशाचं कार्ड

माझ्या नवऱ्याला रेडिओवरून अनोळखी माणसांशी बोलायचा नाद होता. हॅम रेडिओ. नांदेडच्या आमच्या गच्चीवर त्यानं तारा ताणल्या होत्या. शेजारणीला वाटायचं, आम्ही कपडे वाळत घालायची सोय करून ठेवली आहे आणि वापरत मात्र नाही.

रेडिओवर बोलणं झालं की दोघांनीही एकमेकांना टपालानं कार्ड पाठवायचं, तुमचा आवाज अमुक दिवशी अमुक वाजता मला पोचला म्हणून, अशी या लोकांची रीत. "कार्ड हातात पडल्याशिवाय बोलणं झालं असं धरायचं नाही," तो म्हणायचा.

"मग आपलं लग्नापासून काहीच बोलणं झालेलं नाही," मी म्हणायचे.

आलेली कार्डं अल्बममध्ये जायची. शेवटचा कप्पा त्यानं औशाच्या एका माणसासाठी राखून ठेवला होता. परदेशातली कार्डं क्लबच्या गठ्ठ्यातून यायची; जपानचं आलं, ब्राझीलचं आलं. औसा लातूरच्या पलीकडे, पण तिथलं येईना. दवाखान्यातही मी डबा घेऊन गेले की पहिला प्रश्न, "औशाचं आलं का?" ते आलं नाही, आणि तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्या टेबलाशी बसले. त्या माणसाला पाठवायचं कार्ड त्यानं लिहून ठेवलं होतं. पत्त्याची जागा तेवढी कोरी. आपलं गेल्याशिवाय त्याचं येणार कसं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी पत्ता शोधायला लागले.

इंटरनेटवरच्या यादीत त्याच्या कॉल साइनपुढे, म्हणजे रेडिओवरच्या त्याच्या ओळखीच्या अक्षरांपुढे, लातूरच्या एका वसतिगृहाचा पत्ता होता. फोन केला. तिथले गृहस्थ म्हणाले, "बाई, पास झालेली पोरं आम्ही ठिवत न्हाई. नापास झाला असंल तर सांगा, हाका मारतो."

मग नवऱ्याच्या लातूरच्या रेडिओमित्राला विचारलं.

"वहिनी, त्याची अँटेना किती फुटांची व्हती ते सांगतो. पत्ता कोण विचारतंय?"

"मग रेडिओवरच विचारा ना त्याला."

"त्याचा अँटेनाचा बांबूच पडला की वाऱ्यानं. तवापासून गप हाय. तुम्ही असं करा, बसस्टँडच्या मागं, जिथं लई उंच बांबू व्हता, तिथं पाठवा."

जी वस्तू आता नाही तिच्या खुणेवरून पोस्टमननं घर कसं ओळखायचं, हे मी विचारलं नाही. 'बसस्थानकामागे, पूर्वी उंच बांबू असलेले घर, औसा' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. कार्डाच्या एका कोपऱ्यावर चहाचा डाग पडला होता. नवऱ्याचं कार्ड परक्या घरी डागासकट जाऊ नये म्हणून तेवढा कोपरा कात्रीनं नीट कापला, तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं.

बरेच दिवस वाट पाहिली. उत्तर नाही. शेवटी बसनं लातूर आणि तिथून औसा गाठलं. स्टँडवरच्या चहावाल्याला बिचकतच विचारलं, "इथं एक बांबू होता..."

"हाव, त्यो पडला. ते बघा घर."

दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. कार्डाचं नाव काढताच तिनं सूप खाली ठेवलं.

"ते कोपरा कापलेलं कार्ड? तू धाडलं व्हय, माय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणी वारल्याचा निरोप. ते घरात ठेवत नाहीत, वाचून दारातच फाडतात. माझ्या माहेरीही हेच होतं. इतकी पुस्तकं वाचून नेमकं हेच विसरले होते.

"सगळं इंग्रजीत. मला काय वाचता येतंय? पोरगं शाळंत शिकवायला गेल्यालं. उंबऱ्यावरच फाडून टाकलं बघ. कोन वारलं ते कळंना, म्हनून सगळ्याईच्या नावानं आंघोळ केली."

"मलाबी करायला लावली, थंड पाण्यानं," आतून तिचा मुलगा बाहेर आला. "मामाला फोन केला तर मामाच उचलतोय. काकाला केला, काकाबी जित्ता. आत्या तर भांडलीच, माझ्या मरणाची वाट बघून राहिला का म्हणून."

मला हसू आलं. मग माझ्या नवऱ्याचं अक्षर या उंबऱ्यावरून झाडूनही गेलं असेल, हे ध्यानात आलं आणि हसू थांबलं. मी नवऱ्याची कॉल साइन सांगितली. कार्ड कुणाचं होतं, आणि तो आता नाही, हेही सांगितलं.

मुलगा खाली बसला. "सरांचं? त्यांचा आवाज लई स्वच्छ यायचा, वहिनी. मी माझं कार्ड धाडलं व्हतं. घर सापडंना म्हणून परत आलं." तो आत जाऊन ते घेऊन आला. यादीत आमचाही जुनाच, भाड्याच्या घराचा पत्ता होता. इतकी वर्षं पत्त्यांच्या मागे लागलेल्या माझ्या नवऱ्यानं स्वतःचा बदललाच नव्हता.

मी दोन्ही हातांनी कार्ड घेतलं.

म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "म्हंजी आंघोळ वाया न्हाई गेली."

मी निघाले तेव्हा तिनं कार्ड माझ्या हातातून परत घेतलं, चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्या पिशवीतल्या पुस्तकाच्या मधोमध ठेवलं.

"धड हाय," ती म्हणाली. "हे घरात ठिव."