गोलकीपरला न विचारलेला प्रश्न

आमच्या सेरंगूनच्या हॉकी क्लबात हंगाम संपला की पुढच्या संघाची यादी मी करतो. खेळाडूंच्या एकूण मानधनाला लीगची मर्यादा असते. या वर्षी एक तरुण फॉरवर्ड घ्यायचा होता, म्हणून मी जुन्या गोलकीपरचं नाव गाळलं. तो माझा जवळचा मित्र, तरी समोर न जाता मी मेसेजच पाठवला.

"बरं झालं रे, गुडघे सुटले," त्याने उत्तर दिलं.

दोन महिन्यांनी तो हृदयविकाराने गेला. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ते फुकटसुद्धा खेळले असते. एकदा विचारायचं तरी!"

"लक्षात आलं नाही," मी म्हणालो.

आलं होतं. पण तो लगेच हो म्हणाला असता, आणि मला तो संघात नको होता.